टेबल पाडलंय

सकाळी दाढी करत होतो आणि बायकोचा फोन आला. एका गालावर फेस, दुसऱ्या कानाशी फोन. "चहा ठेवलाय," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. बायको परगावी गेलेली नव्हती, बाजारातही नव्हती. ती घरातच होती, आणि मी त्याच घराच्या दुसऱ्या टोकाला होतो. हे घर लेकीने घेतलंय. ऐसपैस आहे. इतकं ऐसपैस की राहायला येऊन पंधरवडा होत आला तरी मी अधूनमधून न्हाणीघर समजून कपडे ठेवायच्या खोलीत शिरतो. बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती. मैदानाच्या पार पलीकडच्या कुंपणाशी टंगळमंगळ करणाऱ्या पोरीला ती शिट्टीबिट्टी न वाजवता नुसत्या हाकेने जागेवर आणायची. अशा बाईला नवऱ्याला चहाला बोलवायला फोन लागावा, याचं मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही, गालावरचा फेस तेवढा सुकत गेला. कारण हाक पोचली नसती म्हणून तिने फोन केला नव्हता. आमचा अबोला चालू होता. हाक मारली असती तर ती आधी बोलली असं झालं असतं. फोनवरचं बोलणं तिच्या लेखी बोलण्यात जमा नसावं. आणि मीही काही कमी नाही. "बरं" म्हणायच्या ऐवजी मी नुसता खाकरलो होतो.

आमच्या जुन्या खोलीत असला अबोला कधी टिकलाच नाही. टिकणार कसा? खोली एक. एका बाजूला भिंतीत बसवलेला पलंग, समोर ओटा, दोन्हींच्या मध्ये जेमतेम एका माणसाची वाट, आणि वर माळा. ओट्यापाशी उभ्या माणसाला खालचा डबा हवा असेल तर पलंगावरच्या माणसाने पाय वर घ्यायचे. पलंगावरच्याला पाणी हवं असेल तर ओट्यापाशीच्या माणसाने पोट आत घ्यायचं. "सरक" आणि "सरका" हे दोन शब्द आमच्या घरात जितक्यांदा उच्चारले गेले तितक्यांदा एकमेकांची नावंही आम्ही घेतली नसतील. एकदा अशीच जुंपली होती आणि दोघंही तोंड शिवल्यासारखे वावरत होतो. बायको हातात तापलेलं पातेलं घेऊन वळली आणि म्हणाली, "सरका." मी लगेच टाळी वाजवली, "बोललीस!" ती म्हणाली, "सरका धरत नाहीत. ते वाहतुकीत येतं." तेव्हा लेक शाळकरी होती, माळ्यावर झोपायची, तिथेच अभ्यास करायची, तिथूनच शेंगांची टरफलं आमच्या डोक्यावर टाकायची. म्हणून तिला आम्ही खारूताई म्हणायचो. खारूताईने माळ्यावरून डोकं उलटं खाली सोडलं आणि पंच म्हणून निकाल दिला की नुसतं 'सरका' माफ आहे, पण 'जरा सरका ना' म्हटलं तर अबोला मोडला असं समजावं. बायकोला हसू आवरलं नाही, पातेल्यातलं पाणी हिंदकळलं, माझ्या पायावर पडलं, मी ओरडलो, आणि मग भाजलं का, किती भाजलं, बघू, इकडे या, असं सगळं सुरू झालं. त्यात भांडण कुठे राहिलं ते मला आठवतही नाही. या नव्या घरात मात्र आमच्या अबोल्याने चांगलं बाळसं धरलं होतं. त्याला इथे खेळायला जागाच जागा.

उरलेली दाढी उरकून मी बोळ ओलांडून, बैठकीची खोली ओलांडून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात पोचलो. कपावर बशी झाकलेली होती. बायको नव्हती. चहा कोमट झाला होता, चालताना झाला असावा. मी उभ्यानेच प्यायलो. तेवढ्यात ओट्याच्या मागच्या अडगळीच्या खोलीतून उजेड दिसला म्हणून डोकावलो, तर आत आमची खारूताई. पुलांचे आराखडे करणारी मोठी इंजिनिअर, हाताखाली एवढी माणसं, आणि बाईसाहेब साबणाच्या खोक्यावर बसून, गुडघे पोटाशी घेऊन, फळीवर लॅपटॉप ठेवून काम करत होत्या. "अगं, तू ऑफिसची खोली केलीस ना? ती मोठ्या खिडकीची?" मी विचारलं. "तिथे सुचत नाही हो बाबा. उगाच फार मोकळं वाटतं." वर न बघता ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. मग म्हणाली, "आज जुन्या खोलीतलं टेबल काढणार ना तुम्ही? दुपारी गाडी घेऊन येते मी. तिथल्या किल्ल्या तेवढ्या मालकीणबाईंना देऊन टाकू, सुटलो. आई कुठाय?" मी म्हणालो, "असेल कुठेतरी." आणि म्हटल्यावर तिथेच थबकलो. असेल कुठेतरी. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मला कधी लागलंच नव्हतं. जुन्या खोलीत बायको एक तर होती, नाही तर नव्हती.

खरं सांगायचं तर मला लागलं होतं ते वेगळंच. गेल्या आठवड्यात लेकीच्या ऑफिसातली माणसं घर बघायला आली होती. सगळ्यांनी घर फिरून पाहिलं, म्हणजे फिरायला वेळच लागला. मग त्यांच्या साहेबीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "आधी कुठे राहत होता तुम्ही?" मी सरबताचे पेले घेऊन उभा होतो आणि सांगणारच होतो. मला सांगायला फार आवडतं. पण बायको हसत हसत म्हणाली, "अहो, कसलं राहणं! काड्यापेटी होती एक. तिच्यात दिवस ढकलले, झालं." सगळे हसले. हातातल्या पेल्यांसकट मीही हसलो. आणि हसता हसता तो एक शब्द कानात अडकून बसला. ढकलले? त्या रात्री त्या अवाढव्य पलंगावर आडवे झाल्यावर मी छताकडे बघत म्हणालो, "इतकी वर्षं ढकललीस, आता मलाही ढकल थोडं." ती म्हणाली, "म्हणजे काय?" मी म्हणालो, "काही नाही." ती म्हणाली, "काही नाही तर काही नाही." आणि पलीकडे वळली. पलीकडे म्हणजे पार पलीकडे, मध्ये आणखी एक माणूस झोपू शकला असता. तिथून जो अबोला धरला तो धरलाच.

हत्यारांची पिशवी खांद्याला लावून मी बाहेर पडलो. निघताना "येतो" म्हणायला तोंड उघडलं आणि कुणाला म्हणायचं ते न कळून मिटलं. बस अर्धी रिकामी होती, खिडकीपाशी बसलो. माझा धंदा फ्रेमा करायचा. चौकातलं दुकान आता भाच्याकडे दिलंय, पण माणसाची नजर धंद्याच्या बाहेर जात नाही. लोक जुनी चित्रं, फोटो घेऊन यायचे, फ्रेम बदलायला. जुनी फ्रेम उघडली की आतून कधीकधी भलतंच निघायचं. पुढून चित्र टवटवीत, आणि मागची बाजू वाळवीने अर्धी खाल्लेली. गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघायचं की जणू ती वाळवी मीच सोडली. बसमध्ये बसून मी गेले काही दिवस जे करत होतो तेच पुन्हा करू लागलो. एकेक आठवण फ्रेममधून काढायची आणि उलटी करून बघायची. बायको रोज संध्याकाळी बाहेरच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभी राहायची. मला वाटायचं तिला वारा आवडतो. आता वाटायला लागलं, वारा कसला, खोलीत जीव गुदमरत असणार. शाळा सुटल्यावर ती मैदानावर आणखी दोन चकरा मारून मग घरी यायची. मला वाटायचं, खेळाची बाई, अंगात रग आहे. आता वाटलं, घरी यायचा पाय निघत नसणार. झोपेत तिचा हात माझ्या छातीवर पडायचा. माया समजायचो मी. जागा नव्हती म्हणूनही असेल, दुसरीकडे ठेवणार कुठे? एकदा हे सुरू झालं की थांबत नाही. बसमध्ये समोर बसलेल्या बाईंनी मला "काका, बरं वाटत नाही का?" असंही विचारलं. मी म्हणालो, "छान वाटतंय."

आणि गंमत अशी की इतका कडू विचार करतानासुद्धा खोली आठवली की तोंडावर हसू येतंच. काय खोली होती! पलंगावर पडल्या पडल्या एक हात लांब केला की दिव्याचं बटण, दुसरा केला की खिडकी, पाय लांब केला की शेगडी बंद करता यायची. एकदा मी ती अंगठ्याने बंद केली होती आणि बायकोने आठवडाभर तो अंगठा सगळ्यांना दाखवला. त्या खोलीत कधी काही हरवलं नाही. वस्तू पळून जाणार तरी कुठे? इथे परवा माझा चष्मा अर्धा दिवस बेपत्ता होता, आणि सापडला तेव्हा मला त्याचं प्रवासवर्णन ऐकावंसं वाटलं. तिथे एकच दिवा होता आणि तो तिघांना पुरायचा. खाली आम्ही, वर खारूताई. माळ्याच्या कडेवरून तिचा एक पाय लोंबकळत असायचा, भोक पडलेल्या मोज्यातला, आणि अभ्यास अवघड असला की तो पाय जोरात हलायचा. त्या पायावरून आम्ही तिच्या परीक्षेचा निकाल आधीच ओळखायचो. इस्त्री सुरू झाली की सगळ्या खोलीभर कोमट, किंचित ओलसर वास पसरायचा आणि काच धुरकट व्हायची. त्या काचेवर बायको बोटाने दुसऱ्या दिवशीची कामं लिहायची आणि पुसली गेली की झाली समजायची. पाहुणे आले की "या, बसा, पाय वर घ्या" एवढंच म्हणायचो. पाय वर घेऊन बसलेला माणूस दहा मिनिटांत घरचा होतो. नव्या घरात पाहुणे सोफ्याच्या टोकाला बसतात आणि जाईपर्यंत पाहुणेच राहतात.

आणि मग टेबल. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते मी स्वतः केलं, दुकानात उरलेल्या पट्ट्यांचं. कडेला चार बाजूंना चार तऱ्हेची नक्षी, कारण एकसारखं काही उरलेलंच नव्हतं. भिंतीला बिजागरीने अडकवलेलं, उभं केलं की भिंतीला चिकटायचं, पाडलं की जेवायला, वाचायला, भाज्या चिरायला. माप काटेकोर घेतलं होतं. पण फ्रेमवाल्याच्या हाताला एक खोड असते. चित्राच्या मापाची फ्रेम कधी करायची नसते, थोडी सूट ठेवायची, नाही तर दमट हवेत कागद फुगतो आणि चित्र आतल्या आत वाकतं. तो हात टेबल करताना आवरला नाही. सूट देऊन बसलो. टेबल बसवलं, ऐटीत पाडलं, आणि बायको बाहेर जायला निघाली तर दार चार बोटं उघडून टक्‌ करून टेबलाच्या कडेला आपटलं. मी शरमेने लाल. म्हणालो, "कापतो, आत्ता कापतो." बायकोने पुन्हा दार ओढलं. टक्‌. पुन्हा ओढलं. टक्‌. मग ती पलंगावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "हात लावायचा नाही टेबलाला," ती म्हणाली. "आता कुठे जाल?"

तिथून तो आमच्या घरचा रिवाजच पडला. भांडण झालं आणि कुणी रागाने चपला शोधू लागलं की ज्याला अजून बोलायचं असेल त्याने टेबल पाडायचं. टेबल पाडलं की दार बंद. ज्याने पाडलं त्यानेच उचलायचं, आणि बोलणं पुरतं झाल्याशिवाय उचलायचं नाही. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. हा नियम कुणी लिहिला नाही, पण आमच्यापैकी कुणी मोडलाही नाही. बहुतेक वेळा बायकोच पाडायची. मी पडलो घुम्या, राग आला की दुकानात जाऊन काचा पुसत बसणारा. एकदा खारूताईने पाडलं होतं. तिला शिकायला लांब जायचं होतं आणि मी नाही म्हणून बसलो होतो. माळ्यावरून धप्पकन उडी मारून खाली आली, टेबल पाडलं आणि त्याच्यावर कोपर टेकून म्हणाली, "बोला बाबा, का नाही?" मी दोन-तीन लंगडी कारणं पुढे केली. शेवटी खरं ते बाहेर पडलं, की वर पाय दिसला नाही तर मला झोप येणार नाही. ती रडली, मी रडलो, बायको आम्हा दोघांना रडूबाई म्हणाली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून नाक ओढत राहिली. त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. शेजारणीने दाराच्या चार बोटांच्या फटीतून पोळीची गुंडाळी आत सरकवली होती, तिला सवय होती. आज त्याच टेबलाचे स्क्रू काढायला मी निघालो होतो. ते नेऊन लावायचं कुठे, तर पाहुण्यांच्या खोलीत, जिथली भिंत एवढी लांब आहे की ते तिथे खुंटीसारखं दिसेल, आणि पाडलं तरी कुणाचीही वाट अडणार नाही.

बसमधून उतरलो. गल्ली तीच, तोच वळणावरचा न्हावी, तोच त्याचा एका बाजूला कललेला आरसा. मालकीणबाई तळमजल्यावरच्या खिडकीत शिवणयंत्रावर बसल्या होत्या. "आलात?" त्या म्हणाल्या. "आलो. टेबल काढतो आणि किल्ली देतो." "द्या सावकाश," त्या म्हणाल्या आणि उगाच दोरा ओवायला लागल्या. जिना चढताना माझे पाय आपोआप तिसऱ्या पायरीच्या कडेने गेले, ती पायरी कुरकुरते. दारासमोर उभा राहिलो. आत काही उरलेलं नाही हे मला माहीत होतं. पलंग मालकीणबाईंचा म्हणून राहिलेला, ओटा, माळा, आणि टेबल. बाकी सगळं नव्या घरात जाऊन इकडे तिकडे विखुरलं होतं. मनात आलं, इतका वेळ आठवणी उलट्यापालट्या करत आलो, आता मोकळी खोली दिसेल आणि त्यात काय होतं, काय नव्हतं, ते भिंतींनाही सांगता येणार नाही. तिला विचारावं एवढा धीर माझ्यात नव्हता. ती "हो" म्हणाली असती तर? हो, ढकलले दिवस. मग मी काय करणार होतो? झालेली वर्षं काही पुन्हा काच बदलून देता येत नाहीत. मी किल्ली फिरवली आणि दार लोटलं.

चार बोटं उघडलं आणि टक्‌.

तो आवाज मी पाण्याखालीही ओळखला असता. पुन्हा लोटलं. टक्‌. फटीतून टेबलाची कड दिसली, द्राक्षाच्या वेलाची नक्षी असलेली, माझ्याच हातची. आणि तिच्यावर टेकलेलं एक कोपर.

"कोण आहे?" मी उगाचच विचारलं.

"चोर," आतून बायको म्हणाली. "टेबल न्यायला आलेय."

"तू घरी नव्हतीस?"

"फोन केला तेव्हा चपला घालत होते. तुमच्या त्या महालातून माणूस निघून गेलं तरी कळत नाही कुणाला."

"माझा महाल? माझा कधीपासून झाला?" मी म्हणालो, आणि मग लक्षात आलं की आपण बोललो. फटीतून मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता, एक डोळा, आणि कानामागे खोचलेली पांढरी बट.

"टेबल पाडलंयस," मी म्हणालो.

"दिसतंय ना?"

"पण मी बाहेर आहे. हे नियमात बसत नाही. दोघं आत असताना पाडायचं असतं."

"दोघं आत असायला तुम्ही सापडता कुठे? पाच दिवस शोधतेय. या खोलीत जावं तर त्या खोलीत, त्या खोलीत जावं तर गच्चीत. शेवटी म्हटलं, टेबल काढायला तर येतीलच. आता सांगा, काय झालंय तुम्हाला?"

मी फटीशी तोंड नेलं. जिन्यात उभं राहून, हत्यारांची पिशवी खांद्याला, लाकडाशी बोलल्यासारखं बोलायचं होतं. पण तसं बरंच झालं, समोर पूर्ण चेहरा असता तर मला जमलं नसतं. "तू म्हणालीस दिवस ढकलले," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर. मला वाटत होतं आपण मजेत होतो. मी तर होतो. मग तू नव्हतीस की काय, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही. गॅलरीत उभी राहायचीस ते का, मैदानावर जास्तीच्या चकरा का मारायचीस, सगळं तपासून झालं माझं."

तिचा हात फटीतून बाहेर आला आणि तिने माझ्या शर्टाचं बटण धरलं. "अहो वेड्या माणसा," ती म्हणाली, "लेकीने हौसेने घर घेतलंय, तिची माणसं कौतुक करायला आलीत, आणि मी तिच्याच सोफ्यावर बसून सांगू की आम्ही एका खोलीत यापेक्षा सुखात होतो? तिला काय वाटलं असतं? ती उभी होती तिथे, तोंडाकडे बघत होती माझ्या. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तुम्हाला खरं वाटेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुम्ही होतात की सगळ्याला साक्षी."

"आणि चकरा?"

"चकरा मारायचे कारण कधीकधी जीव उबायचा, खोटं कशाला बोलू? पोरीची परीक्षा, तुमचा खोकला, ओले कपडे डोक्यावर लोंबतायत. दोन चकरा मारल्या की मोकळं वाटायचं. पण चकरा मारून यायचे कुठे? इथेच ना? पळत यायचे. आता त्या घरात दिवसभर चकराच चालल्यात माझ्या, आणि यायचं कुठे ते समजत नाही." तिचा आवाज ओला झाला आणि तिने बटण जोरात ओढलं. "शिवाय वारा आवडतो मला. त्याच्यात शोधायचं काय?"

मला इतकं हलकं वाटलं की जिन्यात पटकन खाली बसावंसं वाटलं. "उचल टेबल," मी म्हणालो. "बोलणं झालं."

"झालं?"

"झालं. उचल."

टेबल उचलल्याचा तो बिजागरीचा आवाज आला, तेल मागणारा. मी आत शिरलो. बायको पलंगाच्या उघड्या फळीवर पाय वर घेऊन बसली होती, शेजारी थर्मास आणि एकच कप. खोलीत ऊन आलं होतं आणि त्यात बारीक धूळ तरंगत होती. रिकामी झाली तरी खोली मोठी दिसत नव्हती, हे बघून मला फार आनंद झाला. दार लावलं, पिशवी खाली ठेवली, आणि मग माझ्या हाताने टेबल पाडलं. रिवाज म्हणून, इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. "आता काय?" बायको म्हणाली. "आता मला बोलायचंय," मी म्हणालो. "सरक." ती सरकली. फळीवर दोन माणसं बसली की गुडघे टेबलाखाली जातात आणि खांदा खांद्याला लागतो, वेगळं काही करायला जागाच नसते. एका कपातून आळीपाळीने चहा प्यायलो. चहा चांगला गरम होता.

काय बोललो ते सगळं सांगण्यासारखं नाही, निम्मं तर खारूताईच्या त्या साबणाच्या खोक्याबद्दलच होतं. बायकोने ते कालच पाहिलं होतं. आम्ही हसत असताना दाराला चावी लागली. दार चार बोटं उघडलं. टक्‌.

"आई?" फटीत लेकीचा डोळा दिसला. "बाबा? अरे, टेबल पाडलंय?"

"पाडलंय," मी म्हणालो.

"भांडताय?"

"झालं भांडून."

"मग उचला ना! गाडी खाली रस्त्यात उभी केलीय, मालकीणबाई किल्लीला थांबल्यात..." एवढं बोलून ती थांबली. फटीतला तो डोळा खोलीभर फिरला. टेबल, कप, फळीवर चिकटून बसलेले आईबाप, आणि मग वर, माळ्याकडे. डोळा बराच वेळ माळ्यावर राहिला. मोठं घर तिने आमच्यासाठी घेतलं होतं, आम्हाला पाय पसरायला मिळावेत म्हणून. हे मला ठाऊक होतं, आणि ती काय म्हणेल या धास्तीने मी श्वास धरून बसलो होतो.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "माळ्यावर आराखड्यांच्या गुंडाळ्या मावतील ना हो?"

"सगळ्या," मी म्हणालो. "आणि एक इंजिनिअरसुद्धा."

"मग मला आत घ्या लवकर."

मी टेबल उचललं, ती आत आली, आणि दार लावून तिने स्वतःच ते पुन्हा पाडलं. बूट काढून भिरकावले, पलंगावर पाय दिला, माझ्या खांद्यावर दुसरा पाय दिला, "अगं, आता वजन वाढलंय तुझं" असं मी म्हणेपर्यंत माळ्यावर पोचलीसुद्धा. वर काही आपटल्याचा आवाज आला, ती डोक्याला चोळत "अजून इथेच आहे ती तुळई" म्हणाली, आणि कडेवरून एक पाय खाली सुटला. मोजा या वेळी भोकाचा नव्हता, एवढाच फरक. खालून मालकीणबाईंचा आवाज आला, "अहो, किल्ली देताय ना?" मी बायकोकडे पाहिलं. या खोलीत ती कायम हळू बोलत आली होती, भिंती पातळ म्हणून, शेजारी झोपलेत म्हणून, पोर अभ्यास करतेय म्हणून. मैदानावरचा आवाज तिने इथे कधी काढलाच नव्हता. तिने कप खाली ठेवला, छातीत श्वास भरून घेतला आणि खिडकीकडे तोंड करून हाक घातली.

"मालकीणबाई! टेबल पाडलंय! दार उघडत नाही!"

न्हाव्याच्या दुकानातला आरसासुद्धा हलला असेल. खाली शिवणयंत्र थांबलं. मालकीणबाई हसल्याचा आवाज आला आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.